शिक्षा संपते कुठे?

कीर्तनात वाल्या कोळ्याचे आख्यान लागले की मंडप कसा तल्लीन होतो! वाटमाऱ्या करणारा नामाने वाल्मीकी झाला हे ऐकून आपण माना डोलावतो, डोळेही पुसतो. आणि आपल्याच गावचा एखादा तीन वर्षांची सजा भोगून एस.टी.तून उतरला, की पारावरची बोलणी थांबतात, पोरंबाळं आत घेतली जातात. पुराणातला चोर आपल्याला चालतो, गल्लीतला चालत नाही.

सुटलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे का वळतो? ‘जित्याची खोड’ असे म्हणून आपण मोकळे होतो. खोड असते, नाही असे नाही. आयत्या खाण्याची चटक लागलेल्याला घामाची भाकरी कडू लागते. शिवाय तुरुंगात कोवळा पोर मुरलेल्या चोराशेजारी निजतो. आत जाताना एक कला येत असेल तर बाहेर येताना चार येतात. पण सगळेच खोडीवर कसे ढकलायचे? तो बाहेर पडतो त्या दिवसाचा हिशेब पाहावा. हातात गाडीभाडे नि आतल्या मजुरीचे थोडे पैसे. जमीन भावाने कसायला घेतलेली, बायको माहेरी. कामाला गेला तर मालक विचारतो, ‘इतकी वर्षं कुठं होतास?’ खरे सांगितले तर काम जाते. खोटे सांगितले तर लबाडी तिथूनच पुन्हा सुरू. गावात कुणाची कोंबडी हरवली तरी पहिले बोलावणे त्याला. अशा वेळी ‘ये, बस, चहा घे’ म्हणणारा एकच भेटतो, तो म्हणजे जुना साथीदार.

प्रारब्ध भोगूनच सरते, असे आपण रोज बोलतो. मग न्यायाधीशाने मोजून दिलेली शिक्षा भोगली तर ते ऋण फिटले की नाही? पूर्वी प्रायश्चित्त झाले की माणसाला पंक्तीत घेत. आम्ही मात्र सरकारची सजा संपली की आपली वेगळी सुरू करतो, आणि तिला वर्षे मोजलेली नसतात. इंग्रजांनी तर १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरास त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले. तो कायदा १९५२ साली गेला. लोकांची नजर कुठे गेली?

याच्या उलटही आपल्याच मुलखात घडले आहे. औंध संस्थानात पंतप्रतिनिधींच्या काळी, १९३९ साली, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून आलेले साधक त्यात पुढे होते. तिथे भिंत नाही. कैदी बायकामुलांसह राहतो, शेत कसतो. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा चित्रपट त्यावरूनच सुचला. संस्थान विलीन झाले, वसाहत टिकली. आम्हाला त्यात मोठे वाटते ते हे, की सुटायच्या आधीच माणसाच्या हाताला नांगराची आणि संसाराची सवय राहते.

कुणी म्हणेल, महाराज, ज्याचे घर फुटले त्याला विचारा. रास्त आहे. ज्याच्या घरचे माणूस मारले गेले, त्याच्या दारी गुन्हेगाराला नेऊन ‘क्षमा करा’ म्हणणे हा दुसरा जुलूम होईल. क्षमा ज्याची त्याने करावी. बाकीच्या गावाने ती परस्पर वाटूही नये आणि अडवूही नये. तिजोरीच्या किल्ल्या द्या असेही आम्ही म्हणत नाही. सावधपणा वेगळा, वाळीत टाकणे वेगळे.

आषाढीला असा कुणी ‘मीही चालतो’ म्हणाला, तर त्याला दिंडीत घ्यावे का, हा वाद निघतो. ‘येऊ दे, पण मागून चालू दे,’ असे काहींचे म्हणणे. आमच्या मते त्याला टाळ देऊन ओळीत उभे करावे. तळावर पाणी, सरपण त्याच्याकडे द्यावे. पैशाची पेटी पहिल्या वर्षी देऊ नये, ते त्याच्याही हिताचे आहे. पण वारी तीन आठवड्यांची, आणि पोट बारा महिन्यांचे. तेव्हा पंढरीहून परतण्याआधी दिंडीतल्याच एखाद्या बागाईतदाराने त्याला कामाचे विचारावे. रब्बीच्या पेरणीला माणूस मिळत नाही, ही तक्रार आम्ही दर कार्तिकीला ऐकतोच.