गांडीव अर्जुनाच्याच हाती

आषाढाचे ढग दाटू लागले की अनेक घरांत एक निराळीच लगबग सुरू होते. मुलगा किंवा मुलगी बारावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात जावयाची असते. कोणी इंदूरहून पुण्यास, कोणी बेळगावहून बंगळुरास, कोणी बडोद्याहून दिल्लीस निघतो. पिता शुल्क, दाखले आणि वसतिगृहातील खोली यांच्या विवंचनेत असतो. माता चादरी, लोणच्याची बरणी आणि लाडवांचा डबा बांधीत असते. सर्व सिद्धता होते. परंतु जिच्यावाचून हे सारे सामान व्यर्थ आहे, अशी एक वस्तू पेटीत घालता येत नाही. ती वस्तू म्हणजे स्वतःवर चालविलेली स्वतःची सत्ता.

सतरा-अठरा वर्षे या मुलास दुसऱ्यांनी उठविले, दुसऱ्यांनी जेवू घातले, दुसऱ्यांनी अभ्यासास बसविले. आता एका दिवसात ही सर्व माणसे दूर राहतात. मध्यरात्रीनंतरही मोबाईल पाहत बसले तर कोणी रागावत नाही. सकाळचा तास बुडविला तर सायंकाळी कोणी विचारीत नाही. मनुष्याचा खरा मित्र आणि खरा शत्रू त्याच्या आतच आहे, असा सिद्धांत भगवंतांनी सहाव्या अध्यायात मांडला आहे. घरी असताना हा सिद्धांत पाठ होतो. वसतिगृहात त्याची परीक्षा होते.

महात्मा गांधींच्या चरित्रात याचे मोठे बोधक उदाहरण आहे. 1887 मध्ये मॅट्रिक होऊन ते 1888 च्या आरंभी भावनगरच्या शामळदास कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांना काहीच उमगेना. अध्यापक उत्तम होते, आपली तयारीच कच्ची होती, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. पहिले सत्र संपताच ते घरी परतले. ज्यांच्या वचनावर पुढे कोट्यवधी लोक चालले, त्यांचे कॉलेजातील पहिले पाऊल असे अडखळलेले होते. पहिल्या सहामाहीत गुण घसरले म्हणजे आयुष्य बुडाले, असे मानणाऱ्या घरांनी ही गोष्ट अवश्य ध्यानी धरावी.

त्याच वर्षी 4 सप्टेंबरला त्यांनी मुंबईहून विलायतेस प्रयाण केले. मातोश्री पुतळीबाईंच्या समाधानासाठी त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमक्ष मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली होती. लंडनमध्ये आरंभी रात्र झाली की घराच्या आठवणीने अश्रू वाहत; शाकाहाराच्या नियमामुळे पोटही भरत नसे. तरी प्रतिज्ञा ढळली नाही. पुढे साहेबी रुबाबाचा मोह पडला. उंची पोशाख, नृत्याचे धडे, व्हायोलिन, वक्तृत्वाची शिकवणी असे सर्व झाले. सुमारे तीन महिन्यांनी ते स्वतःच सावध झाले. आपण येथे विद्यार्थी म्हणून आलो आहोत, याचे त्यांना स्मरण झाले. मग पैन्‌पैचा हिशेब, स्वस्त खोली आणि भाडे वाचवून पायी चालणे हा क्रम सुरू झाला. त्यांना सावध करावयास माता तेथे नव्हती. तिने दिलेला नियम तेवढा बरोबर होता, आणि तो पाळणारे मन त्यांचे स्वतःचे होते.

विशेष हे की गीतेची खरी ओळखही त्यांना तेथेच, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, दोन थिऑसफिस्ट बंधूंमुळे एडविन अर्नोल्ड यांच्या इंग्रजी भाषांतरातून झाली. तोवर ती संस्कृतात वा गुजरातीत वाचली नाही, याची त्यांना लाज वाटली. आपल्या मुलास ती लाज वाटू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी निघण्यापूर्वीच्या महिन्यात रोज एक श्लोक अर्थासह त्याच्याबरोबर वाचावा.

याच महिन्यात दुसरीही तयारी व्हावी. मुलाने कोणी न हाक मारता उठावे, आपले कपडे धुवावेत, महिन्याचा खर्च वहीत लिहावा. आहार, विहार आणि निद्रा यांत मात्रा राखणाऱ्यासच योग दुःखनाशक होतो, हे सहाव्या अध्यायाचे सांगणे संन्याशापेक्षाही वसतिगृहातील विद्यार्थ्यास अधिक लागू आहे. चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीसाठी नम्रता आणि सेवा यांच्या जोडीने प्रश्न विचारण्यासही स्थान दिले आहे. म्हणून न समजलेले अध्यापकांस त्याच आठवड्यात विचारावे. संकोचाने साठविलेले अज्ञान परीक्षेच्या वेळी दसपट होऊन उभे राहते. आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते ते सुख सात्त्विक, ही अठराव्या अध्यायातील कसोटी पहिल्या दोन-तीन महिन्यांत विशेष उपयोगी पडते. घराची ओढ, परकी भाषा, बेचव जेवण, अवघड विषय हे त्या आरंभीचे कडूपण आहे.

तथापि सर्वच दुःख मुकाट्याने सोसावयाचे असते, असा याचा अर्थ नव्हे. रणभूमीवर अर्जुनाचे हात कापू लागले, तोंड कोरडे पडले, धनुष्य गळून पडले. त्याने हे लपविले नाही. जवळ जो होता त्याला सारे सांगून टाकले. त्याने विषाद मनातच कोंडून ठेवला असता तर गीता प्रकटलीच नसती. म्हणूनच त्या अध्यायासही योग ही संज्ञा लाभली. वरिष्ठ विद्यार्थी छळ करीत असतील तर तो सहन करणे ही तितिक्षा नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी रॅगिंगला बंदी आहे व त्याविरुद्ध तक्रार करता येते. दिवसेंदिवस झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी घरी सांगावे, वैद्यकीय साहाय्य घ्यावे. त्यात कमीपणा नाही. खुद्द अर्जुनाने हेच केले.

मात्र सांगणाऱ्यास ऐकणारा हवा. येथे गृहस्थाची कसोटी आहे. भगवंतांनी शोक करणाऱ्या अर्जुनास समजाविले. त्याचे प्रश्न पुनःपुन्हा ऐकून घेतले. त्यांनी घोड्यांचे लगाम हाती धरले, पण गांडीव अर्जुनाच्याच हाती राहू दिले. आणि सर्व उपदेश झाल्यावर, याचा पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे कर, असे सांगून निर्णयही त्याच्यावरच सोपविला. प्रत्यक्ष परमात्मा जेथे आज्ञेचा आग्रह धरीत नाही, तेथे मातापित्यांनी दिवसातून दहा वेळा फोन करून मुलाचे आयुष्य दुरून चालवू पाहणे उचित कसे ठरावे? फोन अवश्य करावा. पण पहिला प्रश्न गुणांचा नसावा. जेवलास का, झोप लागते का, मित्र मिळाला का, हे आधी विचारावे. गुण कमी पडल्याचे सांगताना ज्या मुलाचा आवाज चाचरत नाही, त्याच्या घरी गीता खऱ्या अर्थाने वाचली जाते.

गाडी सुटते तेव्हा मातेचे डोळे भरून येतात. ते भरून यावेत. मोह आणि माया यांतील अंतर अशाच क्षणी उमगते. मोह हात धरून ठेवतो. माया हात सोडते आणि दार उघडे ठेवते.