ऑप्टिमस प्राइमचा मृत्यू

१९८२ साली मॅटेल या खेळणी कंपनीचा ‘ही-मॅन’ हा बाहुला अमेरिकेच्या बाजारात उतरला. त्याच वर्षी हॅस्ब्रो या दुसऱ्या खेळणी कंपनीने ‘जी. आय. जो’ हे जुने सैनिक तळहातावर मावतील एवढ्या आकारात परत आणले. १९८४मध्ये वाहनांत रूपांतरित होणारे यंत्रमानव ‘ट्रान्सफॉर्मर्स’ आले. यांत सर्वांत लोकप्रिय कोण? कंपन्या उत्तर विक्रीच्या आकड्यांत शोधत होत्या.

पण १९८६च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ चित्रपटाने वेगळाच प्रश्न उभा केला. नव्या खेळण्यांना जागा हवी म्हणून जुनी पात्रे मारली गेली. त्यांत ट्रकचे रूप घेणारा नायक ऑप्टिमस प्राइमही होता.

मुले चित्रपटगृहांत रडली.

या धक्क्याने ‘जी. आय. जो’ चित्रपटातल्या ड्यूक या पात्राचा ठरलेला मृत्यू टळला, त्याचे बेशुद्धीवर निभावले. १९८७मध्ये ऑप्टिमसही ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या टीव्ही मालिकेत परतला.

तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७८५मध्ये एक भेद मांडला होता: ज्याची किंमत असते त्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते, ज्याला प्रतिष्ठा असते त्याला पर्याय नसतो. कांटच्या लेखी ही प्रतिष्ठा फक्त विवेकी जिवांची. मुलांनी मात्र ती प्लॅस्टिकच्या ट्रकला बहाल केली आणि आपल्या शोकाने कारखानदारांना निर्णय बदलायला लावला. खेळण्यांची तुलना करताना हा शोक विक्रीपेक्षा मोठा पुरावा मानायला हवा.