पावसाळे मोजणारं शहर

बँकॉकला कधी जावं, याचं उत्तर ठरलेलं असतं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा हवा कोरडी असते आणि रात्री सुसह्य होतात. मार्चपासून उकाडा वाढतो, एप्रिलमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो, मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस, आणि त्यातला सप्टेंबर सर्वांत ओला. हवामान म्हणून यात काही चूक नाही. पण ‘चांगला’ हा काही हवेचा गुण नाही. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजता येतो, त्याचा चांगलेपणा मात्र कुणासाठी आणि कशासाठी हे ठरल्याशिवाय सांगता येत नाही. आपण तो आपल्या अंगाच्या सुखावरून ठरवतो आणि शहराच्या नावावर मांडतो. ज्या शहराचं धर्मजीवन ऋतूंवरच उभं आहे, तिथे तरी हा घोटाळा तपासून पाहायला हवा.

वाट फ्रा केओ मंदिरातली हिरव्या पाषाणाची बुद्धमूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटर उंचीची आहे, आणि तिला उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन पोशाख आहेत. उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा थायलंडचा राजा पहिला राम यानं करवला, हिवाळ्याचा राजा तिसरा राम यानं. ऋतू पालटला की राजाच्या हातून पोशाख पालटतो. हिवाळ्यात सोन्याच्या मण्यांची जाळीदार शाल सगळं अंग झाकते. पावसाळ्यात वस्त्र एकाच खांद्यावरून येतं, उजवा खांदा उघडा राहतो, म्हणजे मूर्ती भिक्खूसारखी दिसते. तिन्ही ऋतूंना सारखाच मान आहे, पण भिक्खूचा वेश पावसाळ्याच्या वाट्याला आला आहे, आणि मला ते अर्थपूर्ण वाटतं.

कारण आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिथे वर्षावास सुरू होतो. थाई लोक त्याला ‘फान्सा’ म्हणतात. शब्द आपल्याच ‘वर्षा’चा. तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहायचं. अनेक तरुण या तीन महिन्यांपुरते चीवर घेऊन भिक्खू होतात. उपासक भिक्खूंना पावसात अंघोळीचं खास वस्त्र देतात. विशाखा या उपासिकेनं बुद्धाकडे मागून घेतलेल्या वरांपैकी तो एक. आणि भिक्खूची ज्येष्ठता त्याच्या वयावरून ठरत नाही, त्यानं किती वर्षावास पाळले त्यावरून ठरते. ‘चार पावसाळे जास्त पाहिलेत’ असं आपण सहज बोलून जातो. तिथे वंदन कुणी कुणाला करायचं, हे त्याच हिशेबानं ठरतं. महाराष्ट्राला हे परकं नाही. कान्हेरीच्या लेण्यांनी भिक्खूंचे असेच पावसाळे पाहिले, आणि आजही बौद्ध वस्त्यांमध्ये आषाढ ते आश्विन पौर्णिमेपर्यंत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालतं.

मग बँकॉकला पावसाळ्यात का जाऊ नये? यावर कुणी विचारील, पाऊस हा थांबण्याचा काळ असेल तर त्यात प्रवासाला निघणं नियमाविरुद्धच नाही का? आक्षेप बिनतोड वाटतो, पण नियमाचं कारण पाहिलं की चित्र बदलतं. विनयातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथातली, कथा सांगते की लोकांनीच तक्रार केली होती: पक्षीसुद्धा पावसात घरटं करून राहतात, आणि हे भिक्खू मात्र हिरवं गवत नि बारीक जीव तुडवत हिंडतात. भिक्खू भिजतील, आजारी पडतील, ही काळजी त्यात कुठेच नाही. पायाखाली काय येतं, हा प्रश्न आहे. गृहस्थाला हा नियम लागू नाही, भिक्खूलाही रास्त कामासाठी सात दिवस बाहेर जाता येतं. पण त्यामागचा प्रश्न प्रत्येक प्रवाशाला लागू पडतो. ऋतू निवडताना आपण आभाळाकडे पाहतो, तर हा नियम जमिनीकडे पाहायला सांगतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 2011 च्या महापुरात थायलंडमध्ये 800 हून अधिक माणसं दगावली आणि बँकॉकचा डॉन मुआंग विमानतळ पाण्याखाली गेला. अशा ऋतूचं कौतुक करणं निष्ठुरपणा नव्हे का? पुराचं कौतुक कुणीच करू नये, आणि म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर कोरडे महिने निवडणं शहाणपणाचंच. मात्र तो पूर नोव्हेंबरातही ओसरला नव्हता, आणि 2019 च्या जानेवारीत, ऐन ‘चांगल्या’ ऋतूत, हवेतल्या सूक्ष्म धुळीमुळे शहरातल्या शेकडो शाळा बंद ठेवाव्या लागल्या. निर्धोक ऋतू असा नसतोच. एकदा हे मान्य केलं की निवड हेतूवर येते. ज्याला समुद्र आणि बाजार हवा आहे, त्यानं डिसेंबरात जावं. ज्याला हे शहर कशाला पवित्र मानतं ते समजून घ्यायचं आहे, त्यानं छत्री घेऊन ऑगस्टमध्ये जावं. पाऊस बहुधा दुपारनंतर तास-दोन तास कोसळतो. पिंडपाताची, म्हणजे भिक्षेची, फेरी मात्र पहाटेची असते. ओल्या गल्लीत अनवाणी भिक्खू पात्र घेऊन उभा राहतो, दारातली बाई चपला काढून त्यात भात वाढते, आणि त्याच्या आयुष्यातला एक पावसाळा मोजला जात असतो.