पदत्यागाचा प्रश्न

सैन्याच्या हातून घडलेल्या अत्याचाराबद्दल सर्वोच्च अधिकाऱ्याने पद सोडावे काय, असे विचारले की बहुधा उलट विचारणा होते : त्याने स्वतः बंदूक चालविली होती काय? हा प्रतिप्रश्न मोठा सोयीचा आहे. गुन्हा आणि उत्तरदायित्व एकाच मापाने मोजले, की वरच्या पायरीवरील माणूस दर वेळी निर्दोष ठरतो.

१३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरने गोळीबार करविला. १६५० फैरी झडल्या. सरकारी गणनेनुसार ३७९ माणसे मेली. भारतीयांनी हा आकडा कधीच मान्य केला नाही. इथवरचा इतिहास शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. वरच्या पदांवर पुढे काय घडले, इकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर सर मायकेल ओडवायर यांनी डायरच्या कृतीला संमती कळविली आणि मुदत संपताच ते यथाकाल निवृत्त झाले. हंटर समितीने साक्षी घेण्यापूर्वीच व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या सरकारने अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संमत करून घेतला. ते स्वतः १९२१पर्यंत पदावर राहिले. डायरला १९२०मध्ये जावे लागले. त्या वर्षी कॉमन्स सभेत चर्चिल यांनी डायरचा कठोर निषेध केला, पण त्याच भाषणात ही घटना साम्राज्याच्या इतिहासातील एकाकी अपवाद असल्याचेही सांगितले. खालचा एक माणूस दूर सारून वरची सारी इमारत कशी निष्कलंक ठेवता येते, याचा हा वस्तुपाठ म्हणावा लागेल.

या सगळ्यात राजीनामा दिला तो सर शंकरन नायर यांनी. १८९७च्या अमरावती काँग्रेसचे हे अध्यक्ष व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील त्या वेळचे एकमेव भारतीय सभासद होते. त्यांच्याकडे खाते शिक्षणाचे. लष्कराशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही पंजाबातील लष्करी अंमलाच्या निषेधार्थ त्यांनी त्याच वर्षी पद सोडले. ज्याचा हात सर्वांत कमी मळलेला, त्यालाच त्या खुर्चीत बसवेना!

नायर यांचा पदत्याग निषेधाचा होता, प्रायश्चित्ताचा नव्हे, हा भेद विसरता कामा नये. निषेध करणारा निघून जातो, तेव्हा ज्याने जायला हवे त्याचे ऋण फिटत नाही. काँग्रेसच्या पंजाब चौकशी समितीने, ज्यात गांधीजींबरोबर मुंबईचे मुकुंदराव जयकरही होते, १९२०च्या अहवालात व्हाइसरॉयला परत बोलाविण्याची मागणी केली. चेम्सफर्ड यांनी अत्याचार करविले, असा तिचा आरोप नव्हता. लोकांची बाजू त्यांनी तपासली नाही, पंजाबात जाऊन स्वतः पाहिले नाही आणि स्थानिक सरकारचे म्हणणे चौकशीविना उचलून धरले, असा तो ठपका होता. माझ्या मते या प्रश्नाचे मर्म इथे आहे. न पाहणे हीसुद्धा एक कृती आहे, आणि ती करण्याचे सामर्थ्य उच्च पदामुळेच लाभते.

याविरुद्ध एक आक्षेप मला गंभीर वाटतो. राजीनामा हीदेखील पळवाट ठरू शकते : मंत्री जातो, यंत्रणा तशीच राहते, आणि माणूस गेला म्हणून चौकशीही थंडावते. शांतिपर्वातील युधिष्ठिर राज्य टाकून वनात जाऊ पाहतो, तेव्हा सारे वडीलधारे त्याला अडवितात ते उगाच नव्हे. परंतु युधिष्ठिर राहतो तो आपल्या हातून झालेला संहार मान्य करून. संहाराला संरक्षण देणारा कायदा करून राहणाऱ्याला त्याचा दाखला देता येणार नाही.

अलीकडच्या काळातील अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी अबू ग्रैब तुरुंगातील छळ २००४मध्ये उघडकीस आल्यावर दोनदा राजीनामा देऊ केला. अध्यक्षांनी तो स्वीकारला नाही आणि ते २००६पर्यंत राहिले. त्या वेळी आपण गेलो नाही याची खंत त्यांनी २०११च्या आत्मचरित्रात नोंदविली. सात वर्षांनंतरची खंत कोणाच्या उपयोगी पडते, हे मला कळलेले नाही.

नायर यांना मात्र त्यांच्या शब्दांची किंमत रोख मोजावी लागली. १९२२च्या आपल्या पुस्तकात त्यांनी पंजाबातील अत्याचारांची जबाबदारी ओडवायर यांच्यावर ठेवली. ओडवायर यांनी लंडनच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९२४मध्ये नायर तो हरले आणि ५०० पौंडांची भरपाई त्यांच्यावर बसली.