यरीहोच्या वाटेवरील जखमी

वचनाधार : लूक 10:30-37



यरुशलेमाहून यरीहोस उतरणारी वाट निर्भय नव्हती. त्या वाटेवर लुटारू दबा धरून बसत. शेजारधर्म शिकविण्याकरिता आपल्या प्रभूने मंदिराचे अंगण न निवडता ही भयाची वाट निवडली, याचा आपण नीट विचार करावा. जेथे पहारा व न्याय नाहीसे होतात, तेथे मनुष्याचे धन, अब्रू व आरोग्य ही तिन्ही एकदम लुटली जातात. ज्या लुटीची खूण जन्मभर रक्तात राहते, अशा एका लुटीविषयी आज आम्ही बोलणार आहो.

आफ्रिका खंडातील रुआंडा या लहानशा देशात 1994 सालच्या एप्रिलपासून जुलैपर्यंत, सुमारे शंभर दिवसांत, आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांतील बहुतेक तुत्सी लोक होते. त्याच दिवसांत असंख्य स्त्रियांवर बलात्कार झाले. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधीने 1996 साली त्यांची संख्या अडीच लाख ते पाच लाख असावी असा अंदाज दिला. त्यांतील पुष्कळींच्या देहात एच.आय.व्ही. हा विषाणू शिरला. तलवारीने मारलेला एकदा मरतो. पण या स्त्रिया शांतता झाल्यावर, नवरा व मुले गमावून बसल्या असता, हळूहळू झिजू लागल्या. अरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1998 साली बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग होऊ शकतो असा निवाडा दिला, हे योग्यच झाले. परंतु त्या न्यायालयाच्या कोठडीतील आरोपींस या रोगावर औषध मिळत असता, त्यांच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या आजारी स्त्रियांस ते पुष्कळ काळ मिळत नव्हते. मनुष्याचा न्याय किती अपुरा असतो, हे यावरून दिसते.

अशांत प्रदेशात हा रोग केवळ बलात्कारानेच पसरतो असे नाही. गाव सोडून पळालेल्या विधवेजवळ लेकरांस घालावयास भाकर नसते. मग ज्याच्या हाती बंदूक किंवा पैसा आहे, तो भाकरीच्या मोबदल्यात तिचा देह मागतो. दवाखाना जळतो, दाया व डॉक्टर पळून जातात, रक्त न तपासताच रोग्यास चढविले जाते. गरोदर मातेस औषध न मिळाल्याने बाळासही रोग लागतो. जो रोगी रोज गोळी घेऊन सुखरूप होता, त्याची वाट बंद झाली म्हणजे गोळी तुटते व रोग पुन्हा जोर करितो.

तथापि येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे आम्हांस अवश्य वाटते. "निर्वासित लोक रोग घेऊन येतात" असे जगात सर्रास बोलले जाते. आफ्रिकेतील सात देशांची माहिती पडताळून विद्वान डॉक्टरांनी 2007 साली जे प्रसिद्ध केले, ते या बोलण्यास आधार देत नाही. लढाईमुळे एकंदर लोकांत या रोगाचे प्रमाण वाढलेच, असे त्यांस आढळले नाही. आणि निर्वासितांत ते आसपासच्या रहिवाशांपेक्षा अधिक असते, असेही दिसले नाही. वाटा बंद होऊन येणेजाणे थांबले तर कधी कधी रोगाचा फैलावही मंदावतो. म्हणून छळ सोसलेल्यांवर दुसरा आरोप लादणे हे खोट्या साक्षीचे पाप होय. जी एक स्त्री चिरडली गेली, तिचे दुःख आकड्यांनी कमी होत नाही. पण तिच्या सगळ्या लोकांस रोगी ठरविण्याचा अधिकारही आपणांस नाही.

आता याजक व लेवी यांजकडे पाहा. त्यांनी जखमी मनुष्यास मारिले नाही; त्यांनी केवळ बाजूने जाणे पत्करिले. रुआंडात देवाच्या मंदिरांत आश्रयास आलेल्यांच्या कत्तली झाल्या, आणि काही पाळकांवरही त्या अपराधात भाग घेतल्याचा दोष शाबीत झाला. हे वाचून आपली मान खाली जाते. शास्त्रातील तामारेची गोष्टही (2 शमुवेल 13) आपणांस ठाऊक आहे. तिच्यावर अत्याचार झाला, तेव्हा सख्ख्या भावाने तिला गप्प राहावयास सांगितले, आणि दावीद राजा रागावला तरी त्याने तिचा न्याय केला नाही. ती भावाच्या घरी उदास होऊन राहिली. घराण्याची लाज राखण्यासाठी दुखावलेल्या मुलीचे तोंड बंद करणे, हे आजही किती घरांत चालते!

परंतु शोमरोनी मनुष्य थांबला. तो येथे कसा आला, हा कोणत्या जातीचा, याची काही चूक होती काय, असे त्याने विचारिले नाही. त्याने आधी जखमा बांधिल्या. काँगो देशाच्या पूर्व भागात वर्षानुवर्षे लढाई चालली असता, बुकावू शहरी 1999 साली पांझी इस्पितळ उघडले. तेथील डॉक्टर डेनिस मुक्वेगे हे एका पाळकाचे पुत्र. अत्याचाराने घायाळ झालेल्या हजारो स्त्रियांवर तेथे उपचार झाले, आणि 2018 साली डॉक्टरांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा ठिकाणी वेळेस फार मोल असते. अत्याचारानंतर 72 तासांच्या आत औषध सुरू करून ते 28 दिवस घेतले, तर विषाणू देहात रुजण्यापासून बहुधा रोखता येतो. तोच शोमरोनी उशिरा आला असता तर?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. शोमरोनी जखमा बांधून निघून गेला नाही. त्याने त्यास उतारशाळेत नेले, तेथल्या मालकास पैसे दिले आणि पुढील खर्चाची हमी घेतली. या रोगातही एका दिवसाची दया पुरत नाही. औषध रोज, जन्मभर घ्यावे लागते. ते नीट घेतल्यास रक्तातील विषाणू इतका घटतो की तो तपासणीत सापडत नाही, आणि मग शरीरसंबंधातून दुसऱ्यास लागत नाही. ज्या रुआंडात एवढा संहार झाला, तेथे आज ज्यांस हा रोग आहे त्यांतील बहुतेकांस तो ठाऊक असून ते औषध घेत आहेत. उद्ध्वस्त देशानेही उतारशाळा बांधली!

मंडळीच्या उपदेशकांनो व बायबलबायांनो, आपल्या गावी लढाई नसेल, पण यरीहोची वाट प्रत्येक गावातून जाते. एखाद्या बहिणीवर अत्याचार झाला, तर पंचांची बैठक व घराण्याची लाज मागे ठेवा. तिला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. आपल्या देशात 2004 सालापासून या रोगाचे औषध सरकारी केंद्रांत मोफत मिळते. ते आणावयास कोणी एकटा भीत असेल तर त्यासोबत जा. त्याचे गुपित आपल्या तोंडून बाहेर पडू देऊ नका. आणि प्रभुभोजनाच्या वेळी अशा भावास वेगळा प्याला देऊ नका. एका प्याल्याने, हात धरण्याने किंवा पंक्तीस बसण्याने हा रोग लागत नाही. ज्या मेजावर प्रभू स्वतः बोलावितो, तेथून आपण कोणास उठविणार?

शेवटी प्रभूने शास्त्र्यास जो प्रश्न केला, तोच आपणांस आहे: जखमी मनुष्याचा शेजारी कोण झाला? उत्तर शास्त्र्यासही देता आले. पण प्रभूने त्यास उत्तरावर सोडिले नाही, तसेच वागावयास पाठविले. देवबाप आपणां सर्वांस त्या वाटेवर थांबण्याचे धैर्य देवो. आमेन.