गाढवे सापडली, पण मुलाचे काय?



कुटुंबभेटीला गेलो की एक प्रश्न हमखास आमच्या कानी पडतो. मुलगा दारूच्या नादी लागलेला असतो किंवा मुलीने घराशी अबोला धरलेला असतो. आई चहा ठेवायला आत जाते आणि वडील हळूच विचारतात, "फादर, आमचं काय चुकलं?"

अशा वेळी आम्हांला कीश आठवतो. इस्राएलचा पहिला राजा शौल याचा हा बाप, बन्यामीन वंशातला वजनदार गृहस्थ. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (अध्याय ९ व १०) तो भेटतो. त्याची गाढवे हरवली, म्हणून त्याने शौलाला एका गड्याबरोबर शोधायला धाडले. डोंगर पालथे घातले तरी गाढवे मिळेनात. तेव्हा शौलच म्हणाला, की आता परत फिरावे, नाहीतर वडील गाढवे विसरून आपल्याच काळजीत पडतील. बापाचे मन मुलाला ठाऊक होते! पुढे शमुवेलाने शौलाला अभिषेक केला. परतताना राहेलच्या कबरीजवळ निरोप मिळाला: गाढवे सापडली आहेत, पण मुलासाठी काय करावे या घोरात कीश आहे.

तोच शौल पुढे पोटच्या योनाथानावर भाला फेकतो. गिलबोवा डोंगरावर हरल्यावर स्वतःच्याच तलवारीवर पडून जीव देतो. याचा दोष कीशाला द्यायचा का? द्यायचा असेल, तर मुकुटाचे श्रेयही त्यालाच द्यावे लागेल. पण अभिषेक ही देवाची निवड होती आणि भाला फेकणारा हात शौलाचा होता. ज्याचे पाप त्याच्याच माथी, असे यहेज्केल संदेष्टाही (अध्याय १८) शिकवतो.

म्हणून आईबापांनी हात झटकावेत असे नाही. आपण मुलांसमोर प्यालो असू, त्यांना नको तेवढे मारले असेल, तर ती चूक आपली आहे. ती कबूल करावी, पापनिवेदन करावे. परंतु कर्तव्य वेगळे आणि फळ वेगळे. मूल ही आपली मालमत्ता नव्हे; त्याला देवाने स्वतंत्र इच्छा दिली आहे.

'काय चुकलं?' हा प्रश्न आरोपी शोधतो. 'मुलासाठी काय करू?' हा कीशाचा प्रश्न काम शोधतो, आणि तो कधीच उशिरा पडत नाही. दावीदाने पुढे शौलाच्या व योनाथानाच्या अस्थी आणून कीशाच्याच कबरीत पुरल्या (२ शमुवेल २१). भरकटलेल्या मुलासाठी बापाजवळची जागा शेवटपर्यंत होती.

मार्क, नोकरी, कर्जाचा हप्ता, ही आपली गाढवे. त्यांची चौकशी घरात रोज होते. आज मिस्सानंतर घरी जाऊन मुलाची चौकशी करू या. तो दूर असेल तर फोन करू या. रागावून गेला असेल, तर आधी आपणच बोलू या.

प्रभू आपल्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपले प्रमुख धर्मगुरू