वाहक आणि अपराधी

कारण निराळे आणि दोष निराळा, हा भेद न्यायशास्त्राच्या पहिल्याच पायरीवर शिकविला जातो. ज्याच्यामुळे हानी घडली तो प्रत्येक जण अपराधी ठरत नाही. अपराध म्हणावयास सामान्यतः जाणीव आणि हेतू लागतात. न्यायमंदिरात आम्ही हा भेद कटाक्षाने पाळतो. पण रोगराईचा प्रश्न निघाला की सुबुद्ध समाजालाही त्याचा विसर पडतो. या विसराचे फळ माणसांनी तर भोगलेच. पण दक्षिण अमेरिकेतील एका मुक्या प्राण्याच्या वाट्यालाही ते आले आहे. त्या प्राण्याचे नाव आर्मडिलो.

आमच्या वाचकांस कूर्म आणि वराह हे दोन्ही अवतार परिचित आहेत. कूर्माचे कवच आणि वराहाची भूमी उकरण्याची वृत्ती एकाच लहानशा देहात कल्पावी, म्हणजे आर्मडिलो डोळ्यांपुढे उभा राहील. आपल्याकडील खवल्या मांजराशी त्याचे रूपसाम्य भासते, पण नाते नाही. त्याच्या वीसहून अधिक जाती आहेत. सर्वांत लहान वीतभरही भरत नाही. सर्वांत मोठा, म्हणजे महाआर्मडिलो, शेपटीसह सुमारे दीड मीटर लांब आणि तीस किलोंहून अधिक वजनाचा असतो. वाळवी आणि मुंग्या हे त्याचे मुख्य अन्न, आणि बीळ खणणे हा त्याचा नित्य व्यवसाय. ब्राझीलमधील पांतानाल या पाणथळ प्रदेशात अभ्यासकांनी त्याच्या बिळांपाशी कॅमेरे ठेवले, तेव्हा निदान चोवीस जातींचे इतर पृष्ठवंशीय प्राणी त्या बिळांचा उपयोग करताना आढळले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बाहेर ऊन तापो वा गारठा पडो, आतील हवा समशीतोष्णच असते. देवळाच्या अग्रशाळेत जसा कोणीही वाटसरू उतरावा, तशीच ही बिळे होत.

या परोपकारी प्राण्यावर आरोप असा की, तो महारोगाचे जंतू बाळगतो. आरोपातील वस्तुस्थिती खरी आहे. त्याच्या शरीराचे तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअस इतके कमी असते, आणि महारोगाच्या जंतूला असाच थंड देह मानवतो. १९७१ साली किर्चहायमर आणि स्टॉर्स या संशोधकांनी नऊपट्टी आर्मडिलोच्या देहात हा जंतू वाढू शकतो हे दाखविले. जो जंतू प्रयोगशाळेच्या काचपात्रात वाढविता येत नाही, तो अशा रीतीने संशोधनासाठी मुबलक मिळू लागला. पुढे २०१८ साली ब्राझीलच्या पारा प्रांतातील एका अभ्यासात तपासलेल्या १६ आर्मडिलोंपैकी १० प्राण्यांत हा जंतू आढळला; आणि त्याचे मांस वारंवार खाणाऱ्यांच्या रक्तात जंतुसंसर्गाच्या खुणा अधिक दिसल्या.

परंतु उलटतपासणी झाल्यावाचून साक्ष ग्राह्य धरता येत नाही. हा जंतू आर्मडिलोला दिला कोणी? जंतूंच्या आनुवंशिक घडणीवरून संशोधकांचा निष्कर्ष असा की, तो युरोपीय वसाहती आणि गुलामांचा व्यापार यांच्याबरोबर अमेरिका खंडात उतरला. म्हणजे माणसाचा रोग आर्मडिलोला लागला, आणि आता तोच रोगाचे उगमस्थान म्हणून दाखविला जातो! प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. याच जंतूचा एक सगोत्र युरोपीयांच्या आगमनापूर्वीच अमेरिकेत माणसांना पीडीत होता, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. पण त्याने आर्मडिलोवरील दोष वाढत नाही. उलट रोगाची वंशावळ शोधून अपराधी गाठता येत नाही, एवढेच अधिक स्पष्ट होते.

दुसऱ्या एका रोगाची कथा याहून बोधप्रद आहे. १९०९ साली कार्लोस शागास या ब्राझीली वैद्याने एका नव्या व्याधीचे वर्णन केले. ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. रक्त शोषणाऱ्या ढेकणासारख्या कीटकांमार्फत ती पसरते. त्या व्याधीचा परजीवी आर्मडिलोतही असतो, हे त्याने काही वर्षांतच दाखविले. पण गरिबांना जो कीटक चावत होता तो त्यांच्याच मातीच्या घरांच्या भेगांत वस्ती करून होता. १९९१ पासून दक्षिण अमेरिकेतील अनेक राष्ट्रांनी मिळून घराघरांतून त्याचे निर्मूलन आरंभिले, आणि मुख्य घरगुती कीटकाकडून होणारा प्रसार ब्राझीलमध्ये थांबल्याचे २००६ साली प्रमाणित झाले. त्यासाठी रानातील आर्मडिलोंचा संहार करावा लागला नाही. भिंती तपासाव्या लागल्या.

तसाच मार्ग तेथील मधपाळांनी काढला. महाआर्मडिलो पोळ्यांच्या पेट्या उलथून अळ्या खातो, म्हणून त्याला मारण्याकडे कल होता. पेट्या उंच ठेवल्या की त्याचा हात पोहोचत नाही, हे ध्यानात आल्यावर वैराचे कारणच उरले नाही.

रक्षण करण्याचा अधिकार माणसाला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आर्मडिलोचे मांस खाऊ नये, त्याला हाताळू नये, हा उपदेश योग्यच होय. पण सावधगिरी हा एक न्याय आणि शिक्षा हा दुसरा. पहिल्याच्या नावाखाली दुसरा चालविणे हा अधर्म आहे. आपल्या देशातही हेच घडले. महारोग्यांना वेगळे कोंडण्याचा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. हिंदू विवाह कायद्यात हा रोग घटस्फोटाचे कारण म्हणून होता, तो २०१९ पर्यंत तसाच राहिला. वस्तुतः १९८० च्या दशकापासून या रोगावर खात्रीचे औषध उपलब्ध होते. रोग बरा होत होता, कलंक बरा होत नव्हता.

कोणी म्हणेल, व्याधी हे पूर्वकर्माचे फळ आहे असे शास्त्रच सांगते. कर्मसिद्धांत माणसाने स्वतःच्या आचरणाकडे पाहण्यासाठी दिलेला आरसा आहे. दुसऱ्याच्या माथी मारण्याचे ते आरोपपत्र नव्हे. श्रीकृष्णाचा पुत्र सांब यालाही कुष्ठ झाले, अशी पुराणकथा आहे. शापाने ती व्याधी आली खरी. पण त्या कथेचा शेवट बहिष्कारात होत नाही, सूर्योपासनेत आणि आरोग्यात होतो. ज्याच्या देहात रोग आहे, तो माणूस असो वा बिळातला मुका जीव, त्याच्याविषयी प्रथम विचारावयाचा प्रश्न 'दोष कोणाचा?' हा नसून 'उपाय कोणता?' हा आहे. तो प्रश्न जो समाज आधी विचारतो, त्यालाच धर्म कळला असे आम्ही समजतो.